आजाराच्या रकान्यातलं ‘नाही’

मुलगी सातवीत असताना शाळेत गाइडचं पथक सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात ती दोरीचा एक तुकडा घेऊन घरी आली आणि आमच्या टेबलाच्या पायांना, खिडकीच्या गजांना, माझ्या डब्याच्या पिशवीला गाठी मारत सुटली. कित्येक महिन्यांनी तिला इतकं खुशीत बघत होतो.

तिला फिट येत असे. नवव्या वर्षी पहिल्यांदा आली, तेव्हापासून नाशिकरोडच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. “गोळी चुकवू नका, बाकी तिला सगळं करू द्या,” असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गोळ्या नियमित होत्या, त्यामुळे दोन वर्षांत एकदाही त्रास झाला नव्हता. पण गावी, सायखेड्याला गेलो की माझी आई मला बाजूला घेऊन दर वेळी तेच सांगायची, “कुणाला बोलू नको बरं. पोरीचं लगीन व्हायचं हाय.” मी तिला हसायचो, आणि तिचं ऐकायचोही. शेजारीपाजारी, शाळा, सख्खा साडू, कुणालाच आम्ही सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर चांदवडजवळ तीन दिवसांचं शिबिर ठरलं. फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: मुलीला कोणता आजार आहे का, औषध चालू आहे का.

“लिहा हो,” बायको म्हणाली. “निदान गाइडच्या बाईंच्या कानावर तरी घाला.”

“लिहिलं तर नेणारच नाहीत तिला,” मी म्हणालो, आणि ‘नाही’ लिहून सही केली.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात देखभालीच्या कामाला आहे. आमच्याकडे पंप उघडायचा तरी आधी लेखी परमिट लागतं. त्यावर एक रकाना कोरा असला तर मी पान्याला हात लावत नाही. तोच मी, पोरीच्या फॉर्मवर बिनदिक्कत खोटं लिहून मोकळा झालो.

पुढचा उद्योग त्याहून वाईट. गोळ्या पाकिटातून काढून मी व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. मुलीला म्हणालो, “सकाळ-संध्याकाळ खाऊन झालं की गुपचूप घ्यायची. कुणी विचारलं तर व्हिटॅमिन सांग. माझी शपथ आहे.” तिने मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, घर सोडून जायचंय म्हणून असेल.

शिबिरात नियम असा होता की मुलींची औषधं गाइडच्या बाईंकडे जमा करायची आणि त्यांनीच ती वेळेवर द्यायची. चांगला नियम. मी शिबिराआधीच्या पालकसभेला गेलो असतो तर मला तो आधीच कळला असता. बाईंनी बाटली घेतली, वरचं लेबल वाचलं, ‘दिवसातून एक’, आणि रोज सकाळी नाश्त्यानंतर तिला एक गोळी दिली. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळची गोळी चुकली. मुलगी शपथेने बांधलेली. ती काही बोलली नाही.

रविवारी सकाळी झेंडावंदनाच्या वेळी ती रांगेतून खाली कोसळली.

त्यानंतरचं मला तिच्या गटाच्या नायिकेने सांगितलं. ही आठवीतली मुलगी. स्वयंपाकाच्या मावशी कापलेला कांदा घेऊन धावत आल्या, कुणी तोंडात चमचा घाला म्हणालं, आणि बाईंना नेमकं काय झालंय ते समजेना. तेव्हा ही पुढे झाली आणि बाईंच्या कानाशी म्हणाली, “बाई, तिला फिट येते. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर करायचं.” बाईंनी तसंच केलं. माझ्या पोरीने माझी शपथ मोडली होती ती एवढीच, एका मैत्रिणीपाशी, आणि तीच तिच्या कामी आली.

आम्ही चांदवडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती झोपलेली होती. पडताना दगड लागून कपाळाला तीन टाके पडले होते. बाई तिच्या उशाशी बसून होत्या, साडीवर रक्ताचे डाग तसेच. डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या कुठल्या चालू आहेत?” बाईंच्या समोरच मला सगळं सांगावं लागलं. बाटलीचंसुद्धा. त्या खाली बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला सांगितलं असतं, तरी मी तिला आणलंच असतं.”



मंगळवारी मुख्याध्यापकांनी शिबिराला गेलेल्या मुलींच्या पालकांना बोलावलं. बरेच जण चिडलेले होते. “मुलींना उपाशीपोटी उन्हात उभं केलं,” एक जण म्हणाला. “लक्ष नाही कुणाचं,” दुसरा म्हणाला. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. “तुमच्या मुलीला आधी असा काही त्रास होता का?”

खोली गच्च भरलेली. त्यात आमच्या गल्लीतले दोघे होते.

“नाही सर,” मी म्हणालो. “पहिल्यांदाच झालं.”

बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. त्या तोंड उघडतील अशी मला धास्ती होती. त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. आठ दिवसांत पथक त्यांच्याकडून काढून घेतलं.

ते मला मुलीकडून कळलं. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली. “पप्पा, बाईंचं पथक गेलं. माझ्यामुळे ना? माझ्या आजारामुळे?”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, कागद पुढे सरकवला. “लेखी द्या.” मी फॉर्म, बाटली, सभेतलं उत्तर, सगळं लिहून दिलं. त्यांनी बाईंना बोलावलं आणि पथक परत घ्यायला सांगितलं.

“नको सर,” बाई म्हणाल्या. “नव्या बाईंनी मन लावून सुरुवात केलीय. आता मध्येच त्यांना बाजूला काढू नका.”

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, “त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?”

“दवाखान्यात तुमच्या मुलीने माझा हात धरून सांगितलं होतं, शाळेत कुणाला कळू देऊ नका म्हणून. मी तिला शब्द दिला होता.” मग त्या म्हणाल्या, “चूक तिची नव्हती, एवढं तिला तुम्ही सांगा. माझ्याकडून ऐकून उपयोग नाही.”

चूक माझी होती, असं त्या संध्याकाळी मी मुलीला सांगितलं.  “मला बाटली देतानाच बाईंना सांगायचं होतं,” ती म्हणाली. “पण शपथ मोडली तर तुम्हाला काही होईल असं वाटायचं.” मग आत गेली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी तिची समजूत घालायला गेलो नाही, कोणत्या तोंडाने जाणार?

ती पथकात राहिली. पुढच्या शिबिराला तिचा फॉर्म तिच्या आईने भरला. गोळ्या त्यांच्या पाकिटासकट नव्या बाईंच्या हातात दिल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली. आज ती अकरावीला आहे. कपाळावरचा वण केसांखाली झाकायचं तिने कधीच सोडून दिलंय.

आता दर जूनमध्ये त्या शाळेत पथकाच्या नव्या पालकांसमोर मी बोलतो. मीच मागून घेतलेलं काम आहे ते. सोबत किती मोठी माणसं असणार, दवाखाना किती लांब आहे, औषध कोण देणार, हे न लाजता विचारा म्हणतो. अंथरूण ओलं होत असेल, अंधाराची भीती असेल, दमा असेल, काहीही असो, बाईंना सांगा. मुलांच्या गळ्यात आपली गुपितं बांधून त्यांना पाठवू नका. फॉर्मचं सांगतो, बाटलीचंही सांगतो. पालक माना डोलावतात, नंतर येऊन आभार मानतात.

मुख्याध्यापकांसमोर भर सभेत काय बोललो ते मात्र मी त्या पालकांना अजून सांगितलेलं नाही. यंदा सांगायचंच असं ठरवून उभा राहिलो होतो. तेवढ्यात त्याच पहिल्या बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यातून गेल्या. मला पाहून ओळखीचं हसल्या. मी पाण्याचा घोट घेतला, मुलींसोबत टोपी आणि जास्तीचे मोजे द्या असं काहीतरी बोललो, आणि खाली बसलो.