उसन्या बहिणींची भाऊबीज

“ताम्हणाला हात लावू नकोस गं. वास लागेल.”

एवढं बोलून सुमतीबाईंनी ओवाळायचं ताम्हण माझ्या हातातून काढून घेतलं. वर पदराच्या टोकाने त्याची कड पुसली. माझ्या देखत. त्यातलं निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी सगळं मीच मांडलेलं. मांडताना वास नव्हता. उचलताना आला.

आणि मी काय म्हटलं? “हो बाई.”

आता माझे दात गेले, गुडघे गेले, कान तर कधीचेच गेले. पण त्या सतरा वर्षांच्या पोरीचं ते ‘हो बाई’ अजून ऐकू येतं. कशी मान हलवली होती बयेने! जत्रेतला नंदीबैलसुद्धा आधी ढोलकीची वाट बघतो. हिला तेवढंही लागलं नाही.

सांगते कसं झालं ते.

मी खारदांड्याची कोळीण. आईचे पाय सुजले म्हणून तिची पाटी माझ्या डोक्यावर आली. ती घेऊन मी अंधेरीच्या एका कॉलनीत दारोदार मासे विकायला जायची. वकील, डॉक्टर, साहेब अशी वस्ती. सगळे मासे खाणारे. पापलेटचा डोळा बघून ताजेपणा ओळखणारे. दार मात्र मागचं. पुढच्या दाराला तुळस होती, कुत्रा होता, पाटी होती नावाची. पाटीवरचं नाव मला वाचता यायचं, कारण मी सातवी पास होते. हे मी त्या काळी भेटेल त्याला सांगायची. बोंबील तोलता तोलता सांगायची.

सुमतीबाई तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. उंच, गोऱ्या, बोलणं लोण्यासारखं. मला त्या देवी वाटायच्या. घरी येऊन मी त्यांच्यासारखं बोलून दाखवायची. “अगं बाई, खरंच?” म्हणायची, भुवया वर करून. आई म्हणायची, “मेली मांजरासारखी काय करते?” आईला कळत होतं. मला कळत नव्हतं, कारण मी सातवी पास.

माझा थोरला भाऊ, गोविंददादा, त्या वर्षी पलटणीत भरती झालेला. दर्यावर जायचं नाही म्हणाला, आणि गेला. घाटकोपरच्या टेकडीपलीकडे तेव्हा एक छावणी होती, तिथे त्याचं ट्रेनिंग. घरापासून बसने तासा-दीड तासावर. पण नव्या रिक्रूटला रजा नाही. दसरा तिथेच, दिवाळी तिथेच.

तर त्या वर्षी कॉलनीतल्या मंडळाला देशसेवेची हुक्की आली. घरापासून लांब असलेल्या रिक्रूटांना भाऊबीजेला बोलवायचं. कॉलनीतल्या मुली एक दिवसाच्या बहिणी होऊन त्यांना ओवाळणार. मग जेवण, मग फोटो. छावणीने आठ नावांची यादी पाठवली. बाई मागच्या ओट्यावर उभ्या राहून ती वाचत होत्या, मी खाली बसून कोलंबी सोलत होते. म्हणाल्या, “अय्या, ह्यात एक खारदांड्याचा आहे.” नाव वाचलं.

मी कोलंबीसकट उभी राहिले. “बाई, माझा भाऊ!”

बाईंचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग म्हणाल्या, “अगं बाई, खरंच? मग तू ये ना त्या दिवशी. मदतीला माणूस हवंच आहे.”

मी ‘ये ना’ ऐकलं. पुढचं ऐकलंच नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी तीन वेळा आंघोळ केली. लिंबू चोळलं, शिकेकाई चोळली, शेजारणीकडून चिमूटभर पावडर आणली. आमच्यात लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट कासोट्याने नेसतात, त्यात धावता येतं. मी मात्र पाचवारी गोल नेसले, बाईंच्या लेकीसारखी, नलिनीसारखी. चार पिना लावल्या. चालायला लागले की ती सुटायची, थांबले की राहायची. म्हणून मी खारदांड्यापासून थांबत थांबत गेले.

आईने डबा दिला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. म्हणाली, “गोंद्याच्या हातात दे. त्या बाईच्या नको.”

बाईंनी दारातच डबा घेतला, नाकापासून लांब धरला आणि मागच्या पायरीवर ठेवला. मग मला सुरमईसमोर बसवलं. “तुझ्यासारखी साफ करायला कुणाला येत नाही गं.” झालं, मी फुगले! चार मोठ्या सुरमई. खवले काढले, तुकड्या केल्या, मीठ-हळद लावली. पिना सांभाळत. त्याच हातांनी, साबणाने धुऊन, ताम्हण मांडलं. आणि मग ते वर सांगितलं तसं.

आठ जणांचं जेवण माझ्या हातचं चालणार होतं. ताम्हण नाही.

ताम्हण घेतल्यावर बाई गेल्या नाहीत. आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि हे बघ, तो तुझा भाऊ आहे हे बाहेर कुणाला सांगत बसू नकोस. नलिनी त्याला ओवाळणार आहे, फोटो निघणार आहे. उगाच चर्चा. त्याच्याच भल्यासाठी सांगते.”

मी पुन्हा मान हलवली. मनात म्हटलं, बाई किती विचार करतात नाही दादाचा! एवढी अक्कल. सातवी पास.

लष्कराची गाडी आली. आठ पोरं उतरली. डोकी भादरलेली, कान उघडे पडलेले, गुडघे सोललेले. बरोबर एक नाईक, त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. पोरं दिवाणखान्यात पाटांवर ओळीने बसली, पाठी ताठ, हात गुडघ्यांवर. जणू पाहुणचार नाही, परेड आहे. दादा तिसरा. चार महिन्यांनी बघत होते त्याला. गालफडं बसली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, पुरीचा झारा हातात. त्याने मला बघितलं. सरळ बघितलं. डोळे हलले, मान हलली नाही.

नलिनीने ओवाळलं. फोटोवाल्याला निरांजन नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा ओवाळलं. दादाला दोनदा हसायला सांगितलं. तो दोनदा हसला. मंडळाने प्रत्येकाला एक टॉवेल आणि साबणाची वडी दिली. टाळ्या झाल्या. तेव्हा चष्म्यातल्या एक पाहुण्या बाई कौतुकाने वाकल्या आणि दादाला विचारलं, “तुला खरी बहीण आहे का रे?”

दादा माझ्याकडेच बघत होता.

“नाही,” तो म्हणाला.

झारा गरम होता. बोटाला लागला ते मला घरी गेल्यावर कळलं.

आधी त्याचा राग आला. असा राग, की वाटलं तेलाची कढई उचलावी. मग दुसरं आठवलं. त्याने आत्ता ‘नाही’ म्हटलं. मी तर अर्ध्या तासापूर्वीच, ह्याच स्वयंपाकघरात, त्याला टाकून दिला होता. आनंदाने. मान हलवून. त्याला निदान विचारलं तरी होतं. मला नुसतं सांगितलं, तेवढ्यावर मी भाऊ सोडला. आणि कुणासाठी? जी बाई माझ्या हातची सुरमई खाते आणि माझा हात पुसून टाकते तिच्यासाठी. देवी म्हणे!

मी बाहेर आले. दोन पावलांत निऱ्या सुटल्या. सगळ्यांसमोर मी त्या पिना उपटल्या, साडी वर खोचली, मागे कासोटा मारला. घट्ट. आमच्यासारखा.

“मी कवा मेले रं, दादा?”

फोटोवाल्याने कॅमेऱ्यामागून डोकं काढलं.

सुमतीबाई हसल्या. लोणी तसंच होतं. “ही आमची कामवाली. जरा भोळी आहे.”

“मासे विकते मी,” मी म्हटलं. “तुमची कामवाली नाही. आज फुकट राबले, तो माझा भोळेपणा. हा माझा सख्खा भाऊ.”

नलिनीच्या हातातलं ताम्हण मी घेतलं. तिने लगेच सोडलं, बोटाला बोट लागू नये म्हणून. दादाच्या कपाळावर तिचं कुंकू होतं, त्याच्यावरच माझा अंगठा दाबला. ओवाळलं. तो पाठ ताठ ठेवून बसला होता.

मग पायरीवरचा डबा आणला आणि त्या दिवाणखान्याच्या मधोमध उघडला. जवळ्याचा वास कसा सुटतो ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. पाहुण्यांनी पदर नाकाला लावले. ओळीतला पाचवा, मालवणकडचा पोरगा, मान पुढे काढून हळूच म्हणाला, “गो बाय, माका पण वायच दी.” दिली. मग सहाव्याला, मग सगळ्यांना. बाहेरून उस्ताद ओरडला, “क्या चल रहा है अंदर?” आठ पाठी परत ताठ झाल्या. तोंडं मात्र चालू.

मी पुढच्या दाराने निघाले. बाई मागोमाग आल्या. आता लोणी संपलं होतं. “लाज नाही वाटली तुला? एवढ्या लोकांत?”

“वाटली बाई. आत, स्वयंपाकघरात वाटायला हवी होती. उशिरा वाटली.”

“उद्यापासून माझ्या दारात यायचं नाही.”

“नाही येत.”

त्या थांबल्या. आणि देवाशपथ सांगते, पुढचं वाक्य त्यांनी खरंच उच्चारलं. “मग आम्ही मासे कुणाकडून घ्यायचे?”

“दर्या कुठे गेलाय, बाई? टोपली घ्या नि या.”

घरी आईने दोन तडाखे दिले. एक कॉलनी गेली म्हणून आणि दुसरा शेजारणीच्या पिना हरवल्या म्हणून. कॉलनी गेली ती गेलीच. पुढे मी बाजारात उन्हात बसले, आणि ते काही सोपं नव्हतं. ते सोपं होतं असं सांगणारी म्हातारी खोटारडी.

पुढची सुट्टी संक्रांतीची. मी छावणीच्या फाटकावर गेले, कासोटा मारून, पाटीसकट. पहाऱ्यावरच्याने वही उघडली. कोण, विचारलं. म्हटलं, लिही, मासेवाली, गोविंदची बहीण. तो म्हणाला, नुसतं बहीण लिहितो. मी म्हटलं, दोन्ही लिही नाहीतर मी इथेच बसते. पाटी उतरवली तेव्हा त्याने घाईने दोन्ही लिहिलं.

दादा आला. त्या दिवशीच्या गोंधळापायी त्याला दोन रविवार स्वयंपाकाच्या मोठ्या देगा घासायला लावल्या होत्या. फाटकाजवळच्या झाडाखाली बसलो. सुट्टीला काय करता, मी विचारलं. म्हणाला, बूट चमकवतो. पट्ट्याचं पितळ घासतो. कपडे धुतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहितो, सगळ्यांची सारखीच, मजेत आहे म्हणून. कवायतीच्या दिवशी घर आठवत नाही, सुट्टीच्या दिवशी दुसरं काही आठवत नाही. मग कुणीतरी बोलावतं. तिथे जाऊन बसायचं, हसायचं, वाढतील ते खायचं.

“‘नाही’ म्हणायला उस्तादने सांगितलं होतं?”

त्याने जमिनीवर काडीने रेघा ओढल्या. मग म्हणाला, “नाय गो बाय. मीच म्हटलं. त्या सगळ्यांत मी पण साहेबासारखा बसलोय असं वाटलं मला. त्यात तू झारा घेऊन दिसलीस.”

खरं बोलला. मी त्याला माफ केलं नाही, पण खरं बोलला.

“होळीला परत बोलावलंय तिकडे,” तो म्हणाला. “त्याच बाईंनी. तुलाही निरोप आहे. दागिने घालून कोळणीच्या वेषात ये म्हणाल्या, फोटो चांगला येतो.”

“मी येणार नाही. तुला हुकूम आहे, तू जा. आणि त्यांनी परत विचारलं तर?”

त्याने हातातली काडी मोडली.

“ऐक दादा. एकदा मी तुला सोडला, एकदा तू मला. फिटलं. आता विचारलं तर नाव घेऊन सांगायचं, काय विकते तेही सांगायचं, त्या फोटोवाल्यासमोर. आणि जर ‘नाही’ म्हणालास, तर ह्या फाटकावर मी परत येणार नाही. आईलाही सांगेन, तुला एकच पोर आहे, ती मी.”

आत शिट्टी झाली. तो उठला, माझ्याकडे बघितलं, आणि उत्तर न देता पळत गेला. मी हाक मारली नाही. पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराला लागले.