भातलावणी होईपर्यंत

माझा थोरला भाऊ वेल्ह्याकडच्या आमच्या गावी शेती करायचा आणि मी भोरला नोकरी. ख्रिस्तावर विश्वास ठेवला तो आधी मी. आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत दर रविवारी साक्ष द्यायला मीच पुढे. न्यायाचा दिवस सांगून येत नाही, तारण आजच घ्या, हे मी एवढ्या मोठ्याने सांगायचो की पाळक मला आवाज कमी करायला खुणावत.

तीन वर्षं माझी बडबड ऐकल्यावर आषाढात दादाच भोरला आला. चहाला हात न लावता म्हणाला, "म्या ठरवलंय. या रविवारी बाप्तिस्मा घेतो."

मला आनंद व्हायला हवा होता. डोळ्यांपुढे आली ती लावायला झालेली भाताची रोपं. आमच्याकडे लावणी इर्जिकीवर चालते, सगळं गाव एकेकाच्या खाचरात उतरतं. दादा ख्रिस्ती झाला म्हणून गाव फिरलं तर? वर्षाचा तांदूळ माझ्याही घरी यायचा. म्हटलं, "एवढी लावणी होऊ दे. मग घे निवांत."

"बरं," तो म्हणाला.

लावणीला मीही रजा काढून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दादा खाचरातच छाती धरून बसला. टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "आता हितंच बाप्तिस्म्याचं पाणी घातलंस तर चालंल का रं?" त्याने विचारलं. पाण्याची बाटली माझ्या हातात होती.

"गप पड. डॉक्टर बघू देत आधी," मी म्हणालो. दवाखाना यायच्या आत तो गेला.

पाळक म्हणतात, देव अंतःकरण बघतो. दादाचं अंतःकरण त्याने पाहिलं असेल. माझंही पाहिलंच आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते. ऑफिसात फायली चाळताना मध्येच दादाचा तो प्रश्न ऐकू येतो आणि हात थांबतो.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी, रोपं थांबणार नाहीत म्हणून, गाव न बोलावता उरलेली लावणी करायला आलं. मी शेजारच्या म्हाताऱ्या काकांपुढे हात जोडले.

"आरं, हात कसलं जोडतोस? त्यानं आमाला आदीच सांगितलं व्हतं, बाप्तिस्मा घेनार म्हनून. आमी म्हनलं, घे की बाबा, लावनीला आमी हायेच." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "लई मनात व्हतं त्याच्या. ऱ्हायलं कशापायी?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी रोपांची जुडी उचलली आणि खाचरात उतरलो.