अडखळायची तालीम

बसून अभ्यास करणं मला कधी जमलं नाही. इंग्रजी क्रियापदाची तीन रूपं पाठ करायची तर मला अंगणात तीन फेऱ्या माराव्या लागत. गो म्हणत गोठ्यापर्यंत जायचं, वेंट म्हणत परत यायचं, गॉन म्हणत पुन्हा गोठ्याकडे. उसाच्या गाड्या गुऱ्हाळाकडे निघालेल्या असायच्या. त्या आमच्या कुंपणाशी हळू होत आणि गाडीवान मान वळवून बघत. सुभेदाराच्या पोरीला झपाटलंय, ही बातमी शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात गावभर झाली. झपाटलं होतं हे खरंच. मला मॅट्रिक व्हायचं होतं आणि त्यापायी मला ना धड जेवण गोड लागत होतं ना झोप.

सेहेचाळीस सालचा हिवाळा होता. कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. मी अठरा वर्षांची, म्हणजे गावाच्या मते घोडनवरीच. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत असल्यामुळे माझ्या पहिल्या चार इयत्ता बेळगावच्या छावणीत झाल्या. पुढे साताऱ्याला मावशीकडे राहून इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले, आणि मग बेचाळीसची धामधूम आली. शाळा बंद पडल्या, मावशीच्या गल्लीत रोज पोलीस दिसू लागले, आणि आबांनी पत्र धाडलं की पोरीला घरी आणा. त्यानंतर तीन वर्षं मी भाकऱ्या थापल्या, म्हशी धुतल्या आणि आतल्या आत धुमसत राहिले. लढाई संपून आबा सुभेदार म्हणून पेन्शनीत घरी आले, तेव्हा त्यांनी पायातले बूट काढायच्या आत मी त्यांना सांगितलं, मला बाहेरून मॅट्रिकला बसायचंय.

आबा हो म्हणाले. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "तुज्या भाकरीला अजून पापुद्रा सुटत न्हाई," एवढंच म्हणून ती चुलीकडे वळली. आईला माझं शिकणं म्हणजे लग्न लांबवायचं निमित्त वाटतं, अशी माझी समजूत होती, आणि मी तिच्यावर मनातून रागावलेली असे.

शिकवायला आले ते एक म्हातारे मास्तर. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन गावी परतले होते. पुस्तकं म्हणाल तर व्याकरणाचं एकच, लाल पुठ्ठ्याचं, निम्मी पानं सुटलेलं. शब्दांसाठी वही. रोज दहा नवे शब्द, आणि प्रत्येक शब्द घरातल्या कशाला तरी चिकटवायचा असा त्यांचा नियम. 'ऑब्स्टिनेट' आमच्या हट्टी लहान म्हशीला चिकटला. 'सस्पिशस' शेजारच्या काकूला, कारण ती रोज भिंतीवरून डोकावून मास्तर किती वाजता गेले ते बघायची. 'इम्पेशंट', म्हणजे उतावीळ, हा मात्र मास्तरांनी स्वतःच्या हाताने माझ्या नावापुढे लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवली. मला राग आला, पण शब्द कायमचा पाठ झाला.

व्याकरणाची मला धास्ती नव्हती, ते घोकून होतं. धास्ती होती न वाचलेल्या उताऱ्याची. पंधरा-वीस अनोळखी ओळी, खाली पाच प्रश्न, आणि उत्तरं स्वतःच्या शब्दांत. पुस्तकातले उतारे संपले तसं मास्तर रद्दीतले इंग्रजी पेपर आणू लागले. तेही संपले, तेव्हा त्यांनी आबांची ट्रंक उघडायला लावली. आबांचे पलटणीतून सुटतानाचे कागद इंग्रजीत होते. आबांना इंग्रजी हुकूम देता येत, सही करता येई, पण वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं त्या कागदांत आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं.

मी वाचत गेले. उंची, छाती, डाव्या खांद्यावर जखमेचा व्रण, वर्तणूक उत्तम. आबा भिंतीशी ताठ उभे होते, साहेब पुढ्यात असल्यासारखे. मधेच एक ओळ आली की शिपाई असताना हा इसम एकदा रजेपेक्षा तीन दिवस जास्त घरी राहिला आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. मास्तरांनी लगेच प्रश्न टाकला, का राहिला? मी ओळ पुन्हा वाचली, वरची वाचली, खालची वाचली आणि काहीतरी जुळवून सांगितलं.

"हे त्यात लिहिलंय?" मास्तर म्हणाले.

"नाही."

"मग उताऱ्यात नाही असं सांगायचं. तेवढं धाडस पाहिजे."

"तू जल्मली हुतीस तवा," आबा भिंतीकडूनच म्हणाले. "पाय निघंना." मग ते कागद घडी करून ट्रंकेत ठेवायला लागले, आणि त्या दिवशीची शिकवणी तिथंच संपली.

पौषात सांगलीचं स्थळ आलं. मुलगा लढाईत लेफ्टनंट झालेला, जबलपूरला नेमणूक, सध्या रजेवर. त्याला इंग्रजी येणारी बायको हवी होती. मेसमध्ये साहेबांच्या मडमा येत, त्यांच्याशी चार शब्द बोलायला हवेत. त्याचे काका सांगलीच्या कचेरीत मोठे कारकून होते, ते स्वतः मुलीला इंग्रजी वाचायला लावणार, असा निरोप मध्यस्थाने आणला. पौषात कुठं मुलगी बघतात का, म्हणून भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. "रजेला पंचांग नसतंय," आबा म्हणाले. पसंती झाली तर माघातल्या पहिल्या मुहूर्तावर लग्न आणि लगेच जबलपूर. परीक्षा मार्चमध्ये होती.

मी रडले, भांडले, दोन वेळा जेवले नाही. आबांना माझं वाईट वाटत होतं, पण लेफ्टनंट जावई त्यांना स्वप्नातही दिसला नसता. शेवटी त्यांनी मला समोर उभं केलं. "आता मी सांगतो त्ये ऐक. त्यास्नी पसंत पडलीस तर लगीन. न्हाई पडलीस तर मार्चात परीक्षा, आन् परीक्षेपातूर दुसरं स्थळ उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. ह्यो माजा शबूद हाय."

आबांनी आयुष्यात शब्द मोडलेला मी पाहिला नव्हता. म्हणजे मला करायचं एवढंच होतं, त्या कारकुनापुढे वाईट वाचायचं.

वाईट वाचणं सोपं असेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा करून बघावं. वर्षभर मास्तरांनी जीभ वळवून घेतलेली, ती वाकडी जायला तयार होईना. चुकायचं म्हणून सुरुवात केली की तिसऱ्या शब्दाला गाडी आपोआप रुळावर येई. शिवाय मापात चुकायला हवं होतं. फारच वाईट वाचलं तर आबांना गावात तोंड दाखवायची चोरी, कारण पोरीच्या इंग्रजीचं कौतुक त्यांनीच चावडीवर केलेलं. मी एक जुना पेपर गोठ्यात नेला आणि कोळशाने खुणा केल्या. इथं थांबायचं, इथं शब्द गिळायचा, इथं मागची ओळ पुन्हा वाचायची, इथं घसा खाकरायचा. चार दिवस, सकाळी आणि दुपारी, म्हशींपुढे फेऱ्या मारत मी अडखळायची तालीम केली. चौथ्या दिवशी कुठलाही पेपर दिला असता तरी मी तो असा वाचला असता की ऐकणाऱ्याला दया यावी. इतकी तयारी मी मॅट्रिकसाठीसुद्धा केली नव्हती. तरी धीर धरवेना. कुठल्याही कामाला हात लावला की ते अर्धं टाकून मी दुसरीकडे निघे.

ते आले. मुलगा, काका आणि मध्यस्थ. पोहे झाले, चहा झाला. मला पाटावर बसवलं, आणि बसणं हीच माझ्यासाठी पहिली शिक्षा होती. मी लुगड्याच्या आत पायाची बोटं हलवत राहिले. मुलगा खाली बघत होता, माझ्यापेक्षाही जास्त. काकांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला इंग्रजी पेपर काढला, पण तो माझ्याकडे देण्याआधी ते आबांकडे वळले.

"तुम्ही काळजी करू नका, सुभेदार," ते हसून म्हणाले. "खेड्यातल्या मुलीकडून आम्ही फार अपेक्षा ठेवून आलेलो नाही. नुसतं वरचं ठळक अक्षर वाचलं तरी पुष्कळ झालं. पेपर सरळ धरते की उलटा, तेवढंच बघायचं."

मध्यस्थ हसला. आबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

माझा स्वभाव तेव्हाही असाच होता आणि अजूनही फारसा बदललेला नाही. डोक्यात तिडीक गेली की पुढचं-मागचं दिसत नाही. मी पेपर घेतला आणि ठळक अक्षर सोडून थेट खालच्या बारीक अक्षराला हात घातला. लढाईवरून परतलेल्या जवानांना काम मिळत नाही, अशी काहीतरी बातमी होती. पहिल्या ओळीला आपण थांबायचं ठरवलंय हे मला आठवलं. दुसऱ्या ओळीलाही आठवलं. मग आठवेनासं झालं. मी रकानाभर वाचत गेले, स्वच्छ, मास्तरांनी सांगितलेल्या प्रत्येक स्वल्पविरामाला श्वास घेत.

काका सावरून बसले. त्यांनी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, मी इंग्रजीतच उत्तरं दिली. तिसऱ्यांदा त्यांनी पेपर हातातून काढून घेतला आणि विचारलं की या जवानांनी आता करावं तरी काय? मी म्हणाले, ते उताऱ्यात नाही. आणि ज्याने लिहिलंय त्यालाही ते ठाऊक नसावं, नाहीतर त्याने लिहिलं असतं.

मुलाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काका मांडीवर थाप मारून हसले. "सुभेदार, मुलगी पसंत," ते म्हणाले, घरी जाऊन कळवतो वगैरे काही न म्हणता. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाटावरून उठायच्या आत माघातला मुहूर्त बघायची बोलणी सुरू झाली. आबांनी दबक्या आवाजात मार्चच्या परीक्षेचं काढून पाहिलं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. "परीक्षा आता कशाला?" काका म्हणाले. "परीक्षा झालीच की आज."

नवरा चांगला निघाला, उगीच खोटं कशाला सांगू. जबलपूरच्या मेसमध्ये मडमांशी मी चार काय चारशे शब्द बोलले. पण मॅट्रिक राहिलं ते राहिलंच. पुढे पुष्कळ वर्षं कुणी शिक्षण विचारलं की मी विषय बदलत असे. दोष द्यायला दुसरं कुणी असतं तर बरं झालं असतं. आबांनी शब्द पाळला होता, काकांनी त्यांना दिसलं ते सांगितलं, मास्तरांनी शिकवण्यात कसर ठेवली नव्हती. वाचलं मी होतं.

त्या दुपारी पाहुण्यांना पोचवायला आबा सडकेपर्यंत गेले आणि मी स्वयंपाकघरात आले. मला वाटलं होतं, आई आनंदात असेल. ती पाठमोरी बसून कपबश्या विसळत होती. मी तिच्या शेजारी बसले. ती एक बशी उगीच पुन्हा धुवायला घेऊन म्हणाली, "मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत न्हाई."

मी विसळलेले कप पुसायला घेतले.

"पर चार दिस गोठ्यात तू अडखळत वाचत हुतीस, त्ये मला कळत हुतं. आदी तर सुरात वाचायचीस. मग मला समदं उमगलं. आज दाराआड हुबी राहून देवाला हात जोडलं हुतं, आता अडखळंल, मग अडखळंल म्हणून."

तिने बशी खाली ठेवली. आईने माझ्या शिक्षणाबद्दल असं काही बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती रडत नव्हती, पण तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

"एकदा तरी अडखळायचं हुतंस गं बाई," ती म्हणाली.