दसऱ्याच्या पूजेत अडकलेली नर्स

मुलांनो, तुम्ही फोनवर एखाद्या रहस्यकथेचा शेवट सांगायला लागलात की मी तुम्हाला तिथेच थांबवते, आणि तुम्ही हसता. पण शेवट मला स्वतः वाचायचा असतो. हा हट्ट आजचा नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. मी भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि भाटघरजवळ सासरी राहत होते. बरोबरची एक शिक्षिका पुण्याहून जुन्या इंग्रजी कादंबऱ्या आणायची. बहुतेकींत एकटी बाई, परकं घर आणि कुलूपबंद खोली. त्या बायका मला आवडायच्या. कितीही भीती वाटली तरी त्या दिवा घेऊन जिना उतरायच्याच.

त्या वर्षीच्या पुस्तकात एक नर्स होती. समुद्रकाठच्या घरात आजारी म्हातारीची देखभाल करायला आलेली. म्हातारीच्या दुधात कोणीतरी काहीतरी मिसळत होतं. नर्सच्या पर्समध्ये परतीचं तिकीट होतं, पण ती जात नव्हती. मी रोज वाचायचे तेवढं सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, तांदूळ निवडता निवडता मराठीत सांगायचे.

दसरा उजाडला तेव्हा नर्स तळघराच्या दाराशी उभी होती. दोनच प्रकरणं उरली होती. पुस्तकं आणणारी ती मैत्रीण नोकरी सोडून नागपूरला निघाली होती. संध्याकाळी सोनं द्यायला येऊन ती पुस्तक नेणार होती. शेवट तोंडी सांगते म्हणाली, तर मी कानांवर हात ठेवले.

आंघोळ करून येते तो पुस्तक जागेवर नाही. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पूजा मांडली होती. नांगराचा फाळ, विळे, कोयता, पाट्या आणि सगळ्यांत वर हळदकुंकू लावलेलं माझं पुस्तक! मी प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. त्यामुळे आत काय आहे ते त्यांना कळलंच नाही. पूजेला लावलेलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही, हा घरचा नियम.

"मामंजी, ते अभ्यासाचं नाही. गोष्टीचं आहे."

"अक्षरं हायेत न्हवं त्यात? मग बसू दे."

मी स्वयंपाकघरात येऊन पुरण वाटायला घेतलं. आत्याबाई पोळी लाटत होत्या.

"उगाडलं का दार तिनं?"

"नाही. पुस्तक देवापाशी बसलंय, आणि संध्याकाळी जाणार."

"म्हंजी त्या म्हातारीला कोन मारतंय ते कळायचंच न्हाई?" त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "ह्ये काय खरं न्हाई."

मी मनाशी ठरवलं, मागायचं ते सरळ मागायचं. हात धुऊन मी पुन्हा पूजेपुढे गेले. मागोमाग आत्याबाई आल्या. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी मामंजींना विचारलं,

"सांच्याला आपट्याच्या फांद्या कशानं तोडनार?"

"कोयत्यानं."

"त्यो तर पूजंला बसलाय."

"अक्षता टाकून हलवायचा. दर साली हलवतो की."

"मग माज्या नर्सबाईलाबी दोन अक्षता टाका."

मामंजी कोयत्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "गोष्टीसाटी देवाला उटवायचं व्हय?"

"कामासाठी," मी म्हटलं. "ते आजच पुरं करायचंय."

अक्षता पडल्या. जेवणं उरकून मी चुलीपाशी बसले आणि वाचत गेले तसं मराठीत सांगत गेले. उन्हं कलली आणि मैत्रीण आपट्याची पानं घेऊन दारात आली. माझं तोंड पुस्तकातच होतं. आत्याबाईंनी तिला पाट सरकवला.

"बसा बाई. पोरगी अजून तळघरात हाय."

मैत्रीण हसू दाबत पानं धरून बसून राहिली. शेवटी नर्सने तळघराचं दार उघडलं. दुधात मिसळायच्या औषधाची बाटली म्हातारीच्या सख्ख्या पुतण्याकडे सापडली. नर्सने ती त्याच्यापुढे धरली आणि जागची हलली नाही.

"म्या म्हनलंच हुतं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यापासून स्वयंपाकिणीवर संशय घेतला होता. "आन तिकीट?"

"फाडून टाकलं."

"बरं केलं."

मग मी सोनं घेतलं आणि पुस्तक मैत्रिणीच्या हातात दिलं. कव्हरवर कुंकू तसंच होतं.