रोज दुपारचं नववर्ष

चीनच्या दक्षिण टोकाला, लानचांग नदीकाठच्या ताय लोकांच्या एका गावात नववर्ष रोज दुपारी, जेवणं उरकली की सुरू होतं. पर्यटन कंपनीने गावाला कुंपण घालून तिकीटखिडकी बसवली, तेव्हापासून पंचांग बिचारं रिकामंच बसून आहे. चौकात ढोल वाजला की यी हाँग आणि तिच्या मैत्रिणी रेशमी लुंग्या नेसून, अंबाड्यात फुलं खोचून येतात आणि सणाच्या रीतीप्रमाणे पाणी ओतून पाहुण्यांना न्हाऊ घालतात. यी हाँगला आता नातवंडं आहेत, पण चौकातलं तिचं हसू कंपनीच्या मालकीचं असल्यामुळे त्याला वय नाही.

पंचाईत होते ती एप्रिलात, खरं नववर्ष आलं की. त्या सकाळी विहारात बुद्धाला चंदन-फुलांच्या पाण्याने आंघोळ घालायची, ते पाणी घरी आणून वडीलधाऱ्यांच्या हातांवर ओतायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. तोवर सासूबाई तोंडात घास घालत नाहीत. यंदा तर म्हातारीने अंथरूणच धरलेलं.

"पुढच्या सणाला मी असेन-नसेन," तिने आदल्या दिवशीच बजावलं होतं. "यंदा तरी सगळं नीट कर गं बाई."

यी हाँग भल्या सकाळी पाण्याची वाटी घेऊन विहाराबाहेर आली, तर पायरीशी कंपनीचे व्यवस्थापक तांगसाहेब उभे.

"कुठं निघालात? आज चौक सकाळपासून चालू आहे."

"साहेब, आज सण आहे. सासूबाई घरी उपाशी बसल्यात हो."

"अहो, सण आहे म्हणूनच तर सुट्टी नाही! तुमचे रीतिरिवाज बघायला लोक कुठून कुठून आलेत. तुम्हीच घरी जाऊन ते पाळत बसलात, तर दाखवायचे कुणी?"

साहेब शिकलेले होते. तिने वाटी पानाने झाकून विहारात ठेवली आणि बादली उचलली. दिवसभर ती ओतत राहिली, हसत राहिली, कंपनीने शिकवलेलं तेच तेच बोलत राहिली.

दिवेलागणीला ती ओलेत्यानेच वाटी सांभाळत घराचा जिना चढली. सासूबाई नवी लुंगी नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ओंजळ पुढे केली. यी हाँगने गुडघे टेकले, पाण्याची धार धरली आणि तिच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं,

"आमच्या गावात आपलं स्वागत असो! मोबाइल सांभाळा, आणि पुन्हा नक्की या!"

म्हातारीने ओंजळ मागे घेतली नाही.

"मला पाहुणी केलीस होय गं?"

यी हाँगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफीचे खरे शब्द आठवायला गेली, तर एक आठवेल तर शपथ. मग सासूबाईच सुनेला लहान पोरीसारखं एकेक शब्द सांगू लागल्या आणि ती मागून म्हणू लागली. "चुकलंमाकलं पोटात घाला, आई," इथवर आली. चूक तर समोरच बसली होती, सकाळपासून उपाशी. पुढचं तिला म्हणवेना.