डावा पंख जरा जड

बाबा हवाई दलात लढाऊ विमान चालवायचे. परवा मी कॉम्प्युटरवरच्या युद्धविमानांच्या खेळात त्यांचं विमान शोधून काढलं आणि त्यांना समोर बसवलं. दोन मिनिटांत त्यांनी जॉयस्टिक सोडली.

"हे आमचं नव्हे गं. हे फारच शहाणं विमान आहे."

त्या खेळात प्रत्येक विमानाची एक फाइल असते. वजन, इंजिनाची ताकद, वळताना वेग किती पडतो, सगळं आकड्यांत लिहिलेलं. ते आकडे बदलता येतात. मी विचारत गेले, बाबा सांगत गेले.

"वेग कमी झाला की आधी नाक थरथरायचं. मग डावा पंख खाली जायचा."

"किती खाली?"

त्यांना आकडा सांगता येईना. त्यांनी डोळे मिटले आणि तळहात हवेत आडवा धरून हळूच डावीकडे कलवला. मी त्या हाताकडे बघत अंदाजाने आकडा भरला. इतक्या वर्षांनी हाताला एवढं नेमकं कसं आठवतं, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

सहा वेळा त्यांनी विमान उडवून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. सातव्या वेळी नाक थरथरलं, डावा पंख खाली गेला आणि टेबलाखाली बाबांचा उजवा पाय जोरात दाबला गेला. तिथे विमान सावरायचं पेडल नव्हतंच, नुसती फरशी होती. विमान समुद्रात कोसळलं.

"हां, हेच ते!" बाबांना धाप लागली होती, चेहरा फुलला होता. "आता काही बदलू नकोस."