अठरा तासांचा उजेड

हे कुणालाच ठाऊक नाही. आईला नाही, अप्पांना नाही, ज्या मैत्रिणीला मी दिवसातून चार वेळा मेसेज करते तिलाही नाही. मागचे तीन रविवार लिहायला बसले आणि तिन्ही वेळा मध्येच उठून ओटा पुसला. आज ओटा स्वच्छ आहे. तरीही — कुठून सुरू करू?

झाडांपासून करते. झाडांविषयी बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

जर्मनीत, एर्लांगेनला, मी हेल्गाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. आले तेव्हा दोन बॅगा, एक नोकरीचं पत्र आणि पुस्तकातून शिकलेलं जर्मन, एवढंच जवळ होतं. सतरा घरमालकांनी उत्तरच दिलं नव्हतं. हेल्गाबाईंनी भेटायला बोलावलं, समोर नकाशा पसरला आणि म्हणाल्या, ‘जिंतूर कुठे आहे, दाखव.’ नंतरची तीन वर्षं सरकारी कार्यालयांची पत्रं त्यांनी मला ओळ न् ओळ समजावून सांगितली. त्या म्हणाल्या म्हणून मी त्यांना जर्मनमध्ये एकेरी हाक मारायचे, मनात मात्र कायम अहोजाहोच. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आपल्याला जे मिळालं ते कुणामुळे मिळालं, हे विसरायचं नाही, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी विसरले नव्हते — हे आधीच सांगून ठेवते. विसरले असते तर कदाचित हे घडलंच नसतं.

हेल्गाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेले त्यांचे हात आता सांध्यांपाशी सुजले होते. बरणीचं झाकण मी उघडून द्यायचे. इथला कायदा बदलल्यापासून प्रौढ माणसाला घरात तीन झाडं लावता येतात, गांजाची. हो, गांजाचीच. हा शब्द लिहितानासुद्धा मी दाराकडे बघते आहे. त्यांनी तीन लावली होती, माझ्या खोलीसमोरच्या उतरत्या छताच्या शिवणखोलीत, कपाटाएवढ्या काळ्या कापडी तंबूत. फुलं वाळवून त्या तेलात उतरवायच्या आणि झोपताना थेंबभर घ्यायच्या. त्या थेंबावर त्यांची बोटं रात्रभर गप्प राहायची.

मला वाटायचं, बी टाकलं की झाड येतं. पण बंद खोलीतल्या झाडाला ऋतूही आपणच द्यायचा असतो. अठरा तास दिवा आणि सहा तास अंधार दिला की त्याला वाटतं उन्हाळा आहे. ते नुसतं वाढत राहतं. मग एक दिवस बारा-बारा करायचं. दिवस लहान झाला, असं त्याला वाटतं आणि ते फुलायच्या मागे लागतं. पण फुलण्याआधी दोन-तीन आठवडे ते असं झपाट्याने चढतं की कधी दुप्पट होतं. तंबू बुटका, वर दिवा; शेंडा दिव्याला भिडला की करपतो. म्हणून तो आधीच हळूहळू वाकवून दोरीने कुंडीच्या काठाला बांधायचा. ‘जोर लावायचा नाही,’ हेल्गाबाई म्हणायच्या, ‘मन वळवायचं.’ त्यांची बोटं गाठ मारू शकत नव्हती. गाठी मी मारायचे. शिंप्याची मुलगी आहे, गाठ पक्की मारते. ‘गेनाऊ,’ त्या म्हणायच्या, ‘अगदी अशीच.’

आणि वास. फुलं आली की वास येतो. हवा गाळणारं यंत्र होतं, तरी पहिल्या हिवाळ्यात जिना चढताना तो नाकात शिरला आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. कारण तो मला ओळखीचा होता. बाळूकाकाच्या सदऱ्याचा वास. अप्पांचा धाकटा भाऊ. अप्पांनी शिवलेले सदरे घालून तो नदीकाठच्या मठात जाऊन बसायचा आणि तसाच वास घेऊन परत यायचा, पुढे पुढे यायचाही बंद झाला. तो गेला तेव्हा अप्पांनी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि आम्हाला एवढंच सांगितलं, ‘हा वास माझ्या उंबऱ्याच्या आत आला तर मी उंबऱ्याच्या बाहेर.’

आता कळलं असेल तुम्हाला, मी कुठे चालले आहे ते. की नाही?

त्या उन्हाळ्यात आई-अप्पा पहिल्यांदा येणार होते. तीन आठवडे. हेल्गाबाईंनी आपणहून खालची पाहुण्यांची खोली देऊ केली, वर म्हणाल्या, पैशांचा विषय काढलास तर रागावेन. त्यांची स्वतःची खुब्याची शस्त्रक्रिया ठरली होती. दवाखाना आणि नंतरचं व्यायामाचं उपचार केंद्र धरून पाच आठवडे त्या नसणार होत्या. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्यादेखत दिव्याचा टायमर अठरावरून बारावर आणला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं: आजपासून बारा. मला सांगितलं, पाणी घाल, शेंडे वाकवत राहा, बाकी काही नको.

मी हिशोब केला. दोन आठवड्यांनी आई-अप्पा येणार. त्यांच्या मुक्कामात झाडं भर फुलात असणार. अप्पा जिना चढून माझी खोली बघायला येणार.

मी सांगू शकले असते. एवढंच म्हणायचं होतं, हेल्गाबाई, माझ्या वडिलांना हा वास सोसत नाही. त्यांनी झाडं तळघरात हलवली असती, महिनाभर थांबल्या असत्या, कदाचित कापूनही टाकली असती. मला हे तेव्हाही माहीत होतं. पण ज्या बाईने माझ्या आई-बापाला फुकट खोली दिली तिच्याकडे आणखी काही मागायचं? भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी भीक टाळायला भीड धरली — आणि चोरी केली.

आता टायमर. तो साधा, फिरत्या तबकडीचा होता. कडेने बारीक दाते, एक दाता म्हणजे पंधरा मिनिटं. दाबला की तेवढा वेळ दिवा चालू. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिवणखोलीत गुडघ्यांवर बसले आणि संध्याकाळी सातपासून रात्री एकपर्यंतचे दाते एकेक करून नखाने दाबले. चोवीस. एका झटक्यात झालं असतं तर हात घसरला म्हणता आलं असतं. पण चोवीस वेळा टक् असा आवाज झाला. बाराव्याला मी थांबले होते, हेही आठवतं. मग तेरावा दाबला.

झाडांना उन्हाळा परत मिळाला. ती फुलली नाहीत. आई-अप्पा येईपर्यंत दर शनिवारी मी शेंडे वाकवून बांधत होते, अगदी शिकवल्यासारखे, हळुवार. ते कशासाठी, सांगता येत नाही. पाप करून आंघोळ करतात तसं असेल.

आई-अप्पा आले. शिवणखोलीला मी कुलूप लावलं, हेल्गाबाईंचं सामान आहे म्हणाले. वास नव्हता. आई गॅलरीत पापड वाळवायचा बेत करत होती, अप्पा बसमधून बाहेर बघत दुकानांच्या पाट्या अक्षरं जुळवून वाचत होते. मी इतकी आनंदात होते, की झाडांकडे बघायचंच टाळलं. ते दोघं फिरायला गेले की धावत जाऊन पाणी ओतायचे आणि दार लावायचे. गाठी मारायला वेळ नव्हता. झाडं वर वर चढत गेली.

हेल्गाबाई परतल्या तेव्हा आई-अप्पांचे दोन दिवस उरले होते. मुलगी जाबिना त्यांना गाडीने घेऊन आली होती. ती म्युनिकला असते; आईने घर विकून आपल्याजवळ राहायला यावं म्हणून तिने पुष्कळ वर्षं धोशा लावलेला. हेल्गाबाईंचं उत्तर ठरलेलं: ‘माझं डोकं चालतंय तोवर मी इथेच.’ कुबड्या टेकत त्या चहाच्या आधी थेट वर निघाल्या. ‘पडतील की गं त्या, हात धर,’ म्हणत आई मागे. अप्पा जिन्यात. मी कुलूप काढलं. का काढलं? दुसरं काय करणार होते?

तंबूची चेन उघडली आणि पानं बाहेर ढकलल्यासारखी आली. शेंडे दिव्याला टेकून तपकिरी झालेले. एक फूल नाही.

‘अगं बया, अंबाडी!’ आई मागून म्हणाली. ‘आन् एवढी माजलेली? भाजी करत न्हाईत का ह्या?’

मला हसू आलं. खरंच आलं. त्याची लाज वेगळी.

हेल्गाबाईंनी वाकून टायमर पाहिला. सुजलेल्या बोटाने दाते मोजले. मग पुन्हा मोजले.

‘पण मी बारावर केलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘कॅलेंडरवर लिहिलंय.’

‘आल्झो, हे बघ आई,’ जाबिना म्हणाली, ‘लिहिलंस खरं. केलंस का, हा वेगळा प्रश्न आहे.’

हेल्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रोखून नाही. अडचणीत सापडलेलं माणूस साक्षीदाराकडे बघतं, तसं.

‘तू होतीस ना तेव्हा? मी गेले तेव्हा किती होतं?’

मी म्हणाले, ‘अठरा.’

हेच ते. एवढंच सांगायला मी इतकी फिरत होते.

मी चूक झाली म्हणू शकले असते. माझा धक्का लागला असेल म्हणू शकले असते, तेही खोटंच, पण निदान माझ्या अंगावरचं. पण मी त्यांच्या अंगावर ढकललं. आणि त्यांनी ते मुकाट घेतलं. मान हलवली, चेन लावली आणि खाली जाताना पहिल्यांदाच मुलीच्या खांद्याचा आधार घेतला.

विमानतळाच्या गाडीत आईला डुलकी लागल्यावर अप्पा म्हणाले, ‘ती अंबाडी नव्हती.’

मी वळून आईकडे पाहिलं; ती झोपेतच होती.

‘पानं वळखतो मी. बाळूला हुडकत किती जागा पालथ्या घातल्या. पण बाईंचे हात बघितले मी. दुखण्यासाठी घेत असतील. त्यांचा आन् बाळूचा काय संबंध?’ मग माझ्याकडे वळून, ‘तू कशाला एवढी भेदरलीस तेव्हा?’

म्हणजे ज्याच्यासाठी केलं ते कारणही राहिलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी सांगायला हवं होतं. गाडीत वाक्यं जुळवली, जर्मनमध्ये, विभक्तीप्रत्ययांसकट. घरी आले तर हेल्गाबाई टेबलाशी बसून चिठ्ठ्या लिहीत होत्या. ‘शेगडी बंद?’ ‘किल्ली?’ ‘गोळी?’ जिथे तिथे चिकटवायला. मी वाक्यं गिळली आणि चिकटपट्टी कापून दिली.

हेल्गाबाईंनी टायमरला पुन्हा हात लावला नाही, म्हणून त्या हिवाळ्यात तेल नव्हतं. गोळ्यांनी पोट बिघडायचं, बोटं रात्री जागी ठेवायची. खालच्या मजल्यावरून चालण्याचा आवाज यायचा. पण ते मी सोसू शकले असते असं वाटतं. दुसरंच सोसवलं नाही. त्या मला विचारायला लागल्या. मी दार लावलं का? मी हे तुला कालच सांगितलं का? माझ्या डोक्यावर त्यांचा विश्वास आणि स्वतःच्या डोक्यावर नाही. स्मरणशक्तीची तपासणी झाली. काही निघालं नाही, डॉक्टर म्हणाले तुमच्या वयात उत्तम. मी सुटले असं मला वाटलं. हेल्गाबाई कोट काढत म्हणाल्या, ‘त्या डॉक्टरला टायमरचं कुठे माहीत आहे?’

ऑफिसात माझं काम काय असतं, सांगू? वैद्यकीय यंत्रांच्या प्रणालीत चूक कुठे शिरली ते शोधून काढणं. मी त्यात चांगली आहे. बढती मिळाली.

वसंतात हेल्गाबाईंनीच जाबिनाला फोन केला आणि घर विकायला होकार दिला. कुणी भाग पाडलं नाही. सामान बांधताना मी कप वर्तमानपत्रात गुंडाळत होते, त्या खुर्चीत बसून सांगत होत्या कुठला न्यायचा, कुठला नाही. मध्येच म्हणाल्या, ‘बरं झालं तू होतीस. नाहीतर माझं मलाच कळलं नसतं.’

खोलीत दोघीच होतो. जाबिना खाली गाडीपाशी. घाई नव्हती. कसलीही भीती उरली नव्हती; दुसरं घर मला मिळालेलं होतं, आई-अप्पा सुखरूप जिंतूरला होते. मी पुढचा कप उचलला आणि गुंडाळला.

त्या आता म्युनिकजवळ, म्हाताऱ्या माणसांची सोय बघणाऱ्या एका इमारतीत दोन खोल्यांत राहतात. आम्ही फोनवर बोलतो. तब्येत बरी आहे. मी आधी काय बोलले ते त्यांना नीट आठवतं, आणि तरी त्या मध्येच थांबून विचारतात, बरोबर ना? मी म्हणते, बरोबर.

आत्ता दुपार आहे. त्या जाग्या असतील. फोन टेबलावर आहे, आणि मी हे लिहिते आहे. मराठीत. हेल्गाबाईंना मराठी येत नाही.